भाग्यश्रीबाईंचा शेजार

माणसाच्या इतिहासाचे दोनच कालखंड पडतात: रक्तशेजाराच्या आधीचा आणि रक्तशेजाराच्या नंतरचा.

हे वाक्य तालुक्याच्या रक्तशेजार केंद्रात काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांनी ते भाषणात तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा टाळ्या पडल्या, आणि मग "साहेब, प्रात्यक्षिकाला तुम्हीच बसता का?" असं कोणीतरी विचारल्यावर साहेबांना एकदम दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. पाटी खरं तर दर्शनी भिंतीवर लागायची होती. पण तिथे एसी बसणार होता, म्हणून ती स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी लागली. एसी अजून यायचा आहे. तोवर छताला एक पंखा आहे.

तन्मयी राणेची खुर्ची नेमकी त्या पाटीसमोर होती. दिवसाआड चार तास ती ते वाक्य वाचायची. सुरुवातीला तिला ते खोटं वाटायचं, मग विनोदी, आणि पुढे पुढे खरं. तिच्या स्वतःच्या इतिहासाचे तरी तेवढे दोनच भाग पडले होते.

तापीकाठच्या उन्हाळ्यात पारा अठ्ठेचाळीसला टेकू लागला होता आणि टँकर आला की लोक लग्नाच्या वरातीसारखे सामोरे धावत, तेव्हाची ही गोष्ट. जुन्या डायलिसिस यंत्राला एका बैठकीत शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागायचं. गावाला प्यायला नाही तिथे रक्त धुवायला कोण देणार? केंद्रं एकेक करून बंद पडली. तेव्हा कोणा डोकेबाज माणसाच्या लक्षात आलं, की रक्त गाळायला पाणीच हवं असं कुठे आहे? धडधाकट मूत्रपिंडं असलेला जिवंत माणूस असला तरी भागतं. आणि आपल्याकडे इतर कशाचाही तुटवडा असला तरी माणसांचा कधीच नव्हता.

यंत्र दिसायला कपडे धुण्याच्या मशीनएवढं. एका बाजूला आजाऱ्याची खुर्ची, दुसऱ्या बाजूला निरोग्याची. दोघांच्या दंडातून नळ्या निघतात आणि यंत्रात शिरतात. आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा पडदा. पडद्याच्या अलीकडून एकाचं रक्त वाहतं, पलीकडून दुसऱ्याचं. रक्त रक्तात मिसळत नाही. पण पडद्याला इतकी बारीक छिद्रं असतात, की युरिया, पोटॅशियम असली किरकोळ मंडळी आरपार जाऊ शकतात, आणि ती नेहमी जास्त गर्दीकडून कमी गर्दीकडे सरकतात. आजाऱ्याच्या रक्तातली घाण अशी हळूहळू निरोग्याकडे उतरते. मग निरोग्याची मूत्रपिंडं ती गाळतात, बैठक संपल्यावर तो उठून पाटीशेजारच्या दारातून आत जातो, आणि दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या नावावर सोडून येतो. या निरोगी माणसाला 'शेजारी' म्हणायचं.

नियम फारसे नव्हते. एक मात्र लोखंडी होता: एका शेजाऱ्याला एकच रुग्ण, आणि एकदा नाव जोडलं की जोडलं. बदलायची सोय ठेवली असती, तर शेजाऱ्यांचा बाजार भरला असता.

*

तन्मयी सत्तावीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी ती लग्न होऊन सावद्याला राण्यांच्या घरी आली, तेव्हा पत्रिका जुळवायची पद्धत मागे पडून रक्ताचे रिपोर्ट जुळवायची पद्धत आली होती. तिच्या रिपोर्टात क्रिएटिनिनच्या आकड्यासमोर हिरवा ठिपका होता. हिरवा ठिपका बघून सासरे म्हणाले, "मुलगी आतून स्वच्छ आहे." आणि लग्न ठरलं.

दीड वर्षाने तिला सकाळी मळमळायला लागलं. अन्नावरची वासना उडाली, चेहरा भरल्यासारखा दिसू लागला. सासूबाईंनी, म्हणजे भाग्यश्रीबाईंनी, कोणालाही न विचारता पेढे सांगितले. सगळ्या गल्लीत वाटून झाले, कारखान्यातल्या बायकांना वाटून झाले, आणि मग तपासणी झाली. बाळबीळ काही नव्हतं. सुजलेला चेहरा होता, भडकलेला रक्तदाब होता, आणि मूत्रपिंडांची गाळण शंभरातली नऊ उरली होती.

पेढे काही परत मागता येत नाहीत.

"लहानपणी लघवीला जळजळ होऊन ताप यायचा?" डॉ. वायकोळेंनी विचारलं. केंद्रातल्या त्या एकमेव तज्ज्ञ. बोलणं कोरडं, पण समजेल असं.

"यायचा. आई धन्या-जिऱ्याचं पाणी द्यायची."

"उतरायचा?"

"दोन दिवसांत."

"ताप उतरायचा. लघवी मात्र खाली यायच्या ऐवजी उलटी वर चढायची, थेट मूत्रपिंडापर्यंत. दर तापाला एकेक व्रण ठेवून गेली."

"पण लग्नाआधीचा रिपोर्ट हिरवा होता, मॅडम," मिहिर म्हणाला. मिहिर म्हणजे तिचा नवरा. आवाजात दुःख होतं, पण थोडी गिऱ्हाइकाची तक्रारही होती.

"क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा कचरा. अंगावर मांस जास्त, त्याचा कचरा जास्त. तेव्हा हिचं वजन किती होतं?"

"बेचाळीस किलो."

"बेचाळीस किलोच्या घरात कचरा तो केवढासा. घंटागाडी आठवड्यातून एकदा आली तरी अंगण स्वच्छच दिसणार. तुम्ही स्वच्छ अंगण बघितलंत आणि घंटागाडी रोज येते असं धरून चाललात."

"अन् इतकी वर्षं हिले काही जाणवलं कसं नाही?" भाग्यश्रीबाईंनी विचारलं.

"मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. निम्म्या मेल्या तरी उरलेल्या दुप्पट काम ओढतात. ना तक्रार, ना रजा. मालकाला वाटतं, कारखाना जोरात चाललाय. मग एक दिवस सगळ्या एकदम आडव्या होतात."

भाग्यश्रीबाई स्वतः वेफर्सच्या कारखान्याच्या मालकीण. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "युनियन पाहिजे होती."

*

आता शेजारी कोण बसणार? दिवसाआड बसायचं, नाहीतर दोन आठवडे, फार तर तीन. डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं, की कोणीतरी पुन्हा विचारलं, "तीन आठवड्यांनी काय?" आणि मग विचारणाऱ्यालाच समजलं.

सासऱ्यांना मधुमेह, ते बाद. तन्मयीच्या आईला रक्तदाब, ती बाद. भाऊ कॅनडात, तो रोज व्हिडिओ कॉलवर शेजारी बसायचा. राहिला मिहिर. तो एकदा बसला. सुई टोचायच्या आधीच त्याने डोळे पांढरे केले आणि खुर्चीतून घसरला. शुद्धीवर आल्यावर तन्मयीचा हात हातात घेऊन म्हणाला, "तनू, मी मनाने तुझ्याच शेजारी आहे." त्याचं नाव जोडायचं राहून गेलं.

तेव्हा भाग्यश्रीबाई उभ्या राहिल्या. घरात बारा नातेवाईक जमले होते. अकराच असते तर त्या उभ्या राहिल्या असत्या का, याबद्दल पुढे त्यांनी स्वतःच शंका व्यक्त केली.

"मी बसते," त्या म्हणाल्या. "राण्यांच्या घरात सून वाऱ्यावर सोडली, असं कोणी म्हणायले नको."

भाग्यश्रीबाई अंगाने काडी. साडीची घडी वाळत घातल्यासारख्या चालायच्या. त्यांचं रक्त घेतलं, जिल्ह्याच्या संगणकाला पाठवलं, संगणकाने हिरवा ठिपका दिला. बाई आतून स्वच्छ होत्या.

*

पहिले काही महिने दोघींमधलं बोलणं म्हणजे पंखा. तन्मयीच्या अंगात रक्त कमी. भर उन्हाळ्यात तिला हुडहुडी भरायची. भाग्यश्रीबाईंना पंखा पाचावर लागायचा.

"आई, दोनवर करू?"

"कर ना. मी निघते तळून वेफर्ससारखी. माझं काय एवढं."

पंखा तीनवर राहायचा आणि दोघी सारख्याच नाखूश राहायच्या. संसाराचं तेच तत्त्व आहे.

पण रक्ताला पडद्याआडून का होईना, ओळख लागतेच. बैठकीआधी भाग्यश्रीबाई दोन कप कडक चहा घ्यायच्या. तन्मयीला पाणी घोटाघोटाने मोजून, चहा तर बंदच. तरी अर्ध्या तासाने तिचे डोळे लख्ख उघडायचे.

"चहा मी प्यायचा अन् तरतरी हिले," भाग्यश्रीबाई परिचारिकेला सांगायच्या. "सासूने केलं अन् सुनेने भोगलं, हे ऐकलं होतं. पण ते असं असतं व्हय?"

उलट बाजूने त्यांच्याकडेही बरंच काही यायचं. बैठक संपली की अंग खाजायचं, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव राहायची.

"काल फिरक्यांच्या लग्नात पनीर घेतलं ना गं?"

"थोडंसं."

"दोनदा घेतलं."

"एकदाच, आई."

"माझं अंग खाजून राहिलं त्यावरून दोनदा."

दोनदाच घेतलं होतं. पूर्वीच्या सासवांना सून काय खाते हे बघायला स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहावं लागे. विज्ञानाने ती गैरसोय दूर केली.

चार तास एका जागी बांधलेली माणसं शेवटी खरं बोलायला लागतात. दुसरं काही बोलायचं उरत नाही म्हणून. एका दुपारी भाग्यश्रीबाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "तुले एक सांगते. मले केळं आवडत नाही."

'भाग्यश्री उपवासाचे केळा वेफर्स' जिल्ह्यात घरोघरी होते. पाकिटावर नऊवारी नेसलेल्या, हात जोडलेल्या भाग्यश्रीबाईंचा फोटो आणि खाली वाक्य: 'उपवास असा, की सुटूच नये!'

"अजिबात?"

"वासानेच पोटात ढवळतं. लग्न होऊन आले तेव्हापासून. पण ज्या घराचा चुलाच केळ्यावर पेटतो, तिथं कोणाले सांगणार? तुझ्या सासऱ्यांनाही ठाऊक नाही. बोलशील तर धंदा बसेल."

"नाही बोलणार."

"बोललीस तर मी चहा सोडीन. मग बस पेंगत."

दोघी हसल्या. यंत्राने दोघींच्या नाड्या एकदम वाढलेल्या पाहून एक बारीकशी शिट्टी वाजवली. त्या दिवसापासून तन्मयीला दिवसाआडची वाट बघावीशी वाटू लागली. हे तिने मिहिरला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "बघ, सगळं छान चाललंय," आणि दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन घ्यायला गॅलरीत गेला.

*

छान चाललं की माणसाला देवाला काहीतरी द्यावंसं वाटतं. भाग्यश्रीबाईंनी सुनेसाठी सोमवार धरले. मग संकष्टी. मग दोन्ही एकादश्या. महिला मंडळाने 'आदर्श शेजारी' म्हणून त्यांना साडी-चोळी दिली, तेव्हा भाषणाच्या भरात त्यांनी गुरुवारही जाहीर करून टाकला. आता जेवणाचे वार शोधावे लागत. उपवासाला त्या आपलेच वेफर्स खात. आवडत नव्हते, म्हणून तर पुण्य जास्त.

"आई, इतके उपवास नका करू," तन्मयी म्हणायची.

"मी कुठं उपाशी राहते? खाते की. तुले रक्त देते मी, रिकाम्या पोटी बसून कसं चालेल?"

"रक्त देत नाही तुम्ही. रक्त मिसळत नाही."

"ते डॉक्टरीणबाईंना सांग."

पावसाळा सरता सरता एक दिवस भाग्यश्रीबाई आपणहून म्हणाल्या, "तन्मयी, पंखा दोनवर कर गं." पुढच्या आठवड्यात त्यांनी घरून शाल आणली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी यंत्रावरून पलीकडे सुनेच्या पायांवर टाकली. तन्मयीचे डोळे भरून आले. आपल्यासाठी सासूबाई गरमी सोसताहेत, असं तिला वाटलं. माणूस थंडीचं कारण शोधताना पहिल्यांदा प्रेमाकडेच बघतो. रक्ताकडे नंतर बघतो.

*

अंगारकी आली. नेहमीच्या संकष्टीपेक्षा अंगारकीचं पुण्य मोठं, म्हणून फराळही मोठा. भाग्यश्रीबाईंनी सकाळी रताळ्याचा कीस खाल्ला, वर मूठभर खजूर. दुपारी निघताना वेफर्सचं पाकीट संपवलं. वाटेत गाडी थांबवून शहाळं प्यायल्या. "थंड पडतं," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "अन् सुनेलाही तेवढंच गार."

बैठक सुरू होऊन तास झाला असेल. तन्मयी पाटी वाचत होती. 'कालखंड' या शब्दापाशी तिचे ओठ मुंग्या आल्यासारखे झाले. पाय हलवायला गेली तर ते तिचे राहिले नव्हते; कोणीतरी वाळूची पोती आणून ठेवल्यासारखे नुसते पडून होते. मग छातीत एक ठोका पडायचा राहिला. पुढचा पडला. मग दोन राहिले.

"आई…"

यंत्र किंचाळायला लागलं. डॉ. वायकोळे धावत आल्या, नळ्या बंद केल्या, तन्मयीच्या शिरेत कॅल्शियम सोडलं, इन्सुलिन आणि ग्लुकोज सोडलं. भाग्यश्रीबाई पलीकडच्या खुर्चीत "गणपतीबाप्पा, गणपतीबाप्पा" करत होत्या. ग्रॅनाइटवरचं सोनेरी वाक्य दिसेनासं झालं, मग पुसट दिसलं, मग ठळक.

संध्याकाळपर्यंत ठोके रांगेत आले. दोघींच्या रक्ताचे आकडे आले. डॉक्टर बराच वेळ ते बघत राहिल्या.

"पोटॅशियम जास्तीकडून कमीकडे जातं," त्या शेवटी म्हणाल्या. "रोज हिच्याकडून तुमच्याकडे येतं. आज तुमच्याकडून हिच्याकडे गेलं. काय खाल्लंत तुम्ही?"

"मी काय खाणार? माझा उपवास आहे."

"उपवासाला काय खाल्लंत?"

भाग्यश्रीबाईंनी सांगितलं. रताळं म्हणताना डॉक्टरांनी मान वर केली, खजूर म्हणताना चष्मा काढला, वेफर्स म्हणताना डोळे मिटले, आणि शहाळ्याला कपाळावर हात ठेवला.

"बाई, या सगळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. हिला ते विषासारखं आहे."

"पण मी हे सगळं हिच्यासाठीच करत होते!"

"हिलाच पोचलं."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"निरोगी माणसाने एवढं खाल्लं तर मूत्रपिंडं भराभर बाहेर टाकतात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "रक्तात एवढं साठत नाही. तुमच्यात साठलं. म्हणून मी आज तुमची दुसरी तपासणी केली. ती स्नायूंवर अवलंबून नसते. महाग आहे, म्हणून नियमात नाही."

"पण माझा रिपोर्ट हिरवा आहे. संगणकाने दिला."

पलंगावर पडलेली तन्मयी छताकडे बघत म्हणाली, "घंटागाडी."

डॉक्टरांनी मान हलवली. काडीसारख्या अंगाचा कचरा तो केवढा. भाग्यश्रीबाईंची गाळण शंभरातली सतरा होती.

"हे… हे माझ्यामुळे?" तन्मयीने विचारलं.

"काही गाळण्या आधीच गेल्या असणार. किती, ते आता सांगता येणार नाही. उरलेल्या गाळण्या दुप्पट काम ओढत होत्या. त्यात दुसऱ्या घरचाही कचरा त्यांच्याच दारात आला." त्या भाग्यश्रीबाईंकडे वळल्या. "आजपासून शेजार बंद. वर्षभरात तुम्हालाच शेजारी लागेल."

भाग्यश्रीबाईंनी शाल अंगाभोवती ओढून घेतली. "अन् हिले?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "मी सार्वजनिक यादीत नाव घालते." सार्वजनिक यादी म्हणजे पुण्यासाठी परक्याच्या शेजारी बसणाऱ्या लोकांची वाट बघणं. असे लोक निवडणुकीच्या आधी बरेच असतात. निवडणूक नुकतीच होऊन गेली होती.

*

धंद्यासाठी दिल्लीला गेलेला मिहिर विमानाने आला. घरी न येता थेट केंद्रावर गेला. तिथे त्याने बाही वर केली, डोळे मिटले, सुई टोचून घेतली, आणि घसरला नाही. मग घरी आला. तन्मयी पलंगावर उशीला टेकून बसली होती.

"तनू, मी नाव दिलं."

तिच्या छातीत परवासारखाच एक ठोका राहिला. "सुई टोचली?"

"टोचली. काही झालं नाही. उगाच घाबरत होतो मी."

"मग कधीपासून बसायचं?"

मिहिरने पलंगाच्या कडेवरचा धागा ओढायला सुरुवात केली. "आईसाठी दिलं, तनू. तिला आत्ता लागणार नाही, पण राखून ठेवावं लागतं. नियम आहे ना, एकालाच. पुढे ऐन वेळी…"

दारात भाग्यश्रीबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"काय केलं तू?"

"आई, तू पड जा."

"मले वर्षाने लागेल, हिले परवा लागतं! अक्कल गहाण ठेवली का रे? जा, बदलून ये नाव!"

"बदलत नाही आई. एकदा जोडलं की जोडलं."

"मग कशाले घाई केली तू? दीड वर्षं सुई दिसली की डोळे फिरवत होता, अन् आज एका दुपारी…"

मिहिर धागा बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "आई एकच असते."

वाक्य अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कोणी बोललं नाही. पण तिघांनाही ते स्वच्छ ऐकू आलं.

त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, हीच मोठी अडचण होती. आईसाठी मुलाने रक्त पुढे केलं. उद्या गावात कोणालाही सांगितलं तर तो म्हणेल, मुलगा असावा तर असा. महिला मंडळ त्यालाही शाल देईल.

"मी मनाने…" मिहिर म्हणाला.

"माहितीये," तन्मयी म्हणाली. "मनाने तू माझ्याच शेजारी आहेस."

भाग्यश्रीबाईंनी त्या दिवसापासून मुलाशी बोलणं सोडलं. जेवण त्यांनी आधीच बरंचसं सोडलं होतं, त्यामुळे सोडण्यासारखं तेवढंच उरलं होतं. फोनवरून त्यांनी माहेरचे, सासरचे, कारखान्यातले सगळे धुंडाळले. भाच्याला काविळीचं निमित्त झालं. चुलतजावेला नेमकी तीर्थयात्रा आठवली. कारखान्यातली एक बाई तयार झाली, तर तिच्या नवऱ्याने तिचं नाव आधीच स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. त्याला काहीही झालेलं नव्हतं, पण उद्याचं कोणी पाहिलंय? रक्तशेजाराने माणसं माणसांच्या जवळ आणली, यात शंका नाही. फक्त प्रत्येक जण आधीच कोणाच्या तरी जवळ होता.

कॅनडाच्या भावाने सांगितलं, की तिकीट बघतोय. तो अजून बघतो आहे.

*

पुढच्या आठवड्यात बैठकीचा दिवस उजाडला तेव्हा भाग्यश्रीबाई पदर खोचून तयार झाल्या. "चल," त्या म्हणाल्या.

"आई, यंत्र घेणार नाही तुम्हाला."

"यंत्राले काय कळतं? चल म्हटलं ना."

तन्मयीचा चेहरा पुन्हा भरला होता. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि उठायला वेळ लावायचा. तरी ती गेली. जाण्यासारखं दुसरं ठिकाण नव्हतं.

यंत्राने भाग्यश्रीबाईंचं बोट तपासलं आणि लाल अक्षरांत लिहिलं, 'शेजारी अपात्र'. त्यांनी दुसरं बोट ठेवलं. मग डाव्या हाताचं. यंत्र आपल्या मतावर ठाम राहिलं. पुढची जोडी यायला अवकाश होता. परिचारिकेने दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा बाई थोडा वेळ. आल्याच आहात तर."

दोघी आपापल्या खुर्च्यांत बसल्या. सवयीने दोघींनी दंड पुढे केले. नळ्या नव्हत्या. मधलं यंत्र बंद होतं. त्याच्या झाकणावर शालीची अर्धी अर्धी वाटणी झाली.

"आज चहा घेतला का हो?" तन्मयीने विचारलं.

"दोन कप."

"वाया गेला."

भाग्यश्रीबाई हसायला गेल्या आणि त्यांना रडू फुटलं. रडण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांना ते शिंकेसारखं आलं, धक्क्याधक्क्याने. तन्मयी पाटीकडे बघत राहिली. माणसाच्या इतिहासाचे दोनच कालखंड. तिला तिसरा दिसत होता. त्याला फार दिवस लागणार नव्हते.

भाग्यश्रीबाईंनी पदराने नाक पुसलं. बंद यंत्रावरून हात पलीकडे नेला आणि सुनेचं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या बोटांपेक्षा ते मनगट गार होतं, की मनगटापेक्षा बोटं, हे सांगणं कठीण होतं.

"माझ्या पोरी," त्या म्हणाल्या, "या हातांनी मी तुले विष पाजलं. ज्याले जन्म दिला त्यानं तुले सोडलं. आता तूच सांग, काय करू तुझ्यासाठी? काहीही माग. जीव माग, या खुर्चीत बसून देते. गणपतीची शपथ."

"जीव नको, आई."

"मग काय?"

"घरी जाऊन भात खा. साधा भात, वर तूप. पोटभर."

भाग्यश्रीबाईंचा हात सैल पडला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, जणू केळ्याचं गुपित पुन्हा सांगायचं होतं.

"ते सोडून काहीही माग, माय," त्या कळवळून म्हणाल्या. "आज एकादशी आहे."

तन्मयीने डोळे मिटले. शालीचं आपल्याकडचं टोक गळ्यापर्यंत ओढलं.

"मग तेवढा पंखा बंद करा, आई."